खिडकीला काचा किती?

दिवाळी जवळ आली की घराघरांत पहिला हात पडतो तो खिडक्यांवर. तावदाने पुसायची, गजांवरची धूळ झाडायची, आकाशकंदील टांगायचा, आणि मग वर्षभर खिडकीकडे कोणी ढुंकून पाहायचे नाही, अशी आपली रीत. पण ज्यांना यंदा पाडव्याला नव्या जागेत जायचे आहे किंवा जुन्या जागेची डागडुजी करायची आहे, त्यांच्यापुढे खिडकी एक निराळाच प्रश्न घेऊन उभी राहते. आहे ती साधी सरकती खिडकी ठेवावी, दुहेरी काचेची करावी, की जाहिरातीत दाखवतात तशी एकदम तिहेरीच बसवून टाकावी?

असे एक घर डोळ्यांसमोर आणा. बदलापूरला रुळांपासून हाकेच्या अंतरावर, तिसऱ्या मजल्यावरची दोन खोल्या आणि स्वयंपाकघराची जागा. घरात नवरा-बायको, बारावीतली मुलगी आणि अंबरनाथच्या आयुधनिर्माणीतून निवृत्त झालेले आजोबा. निजायच्या खोलीची खिडकी रुळांकडे, तर बैठकीच्या खोलीची पश्चिमेला. रात्री मालगाडी गेली की आजोबांची झोप मोडते. दुपारी ऊन आले की मुलगी पुस्तके उचलून स्वयंपाकघरात जाते. धाकटे दीर जर्मनीत असतात. त्यांचा फोन येतो, "वहिनी, पैशाकडे पाहू नका. तिहेरी काच बसवा. इकडे बाहेर बर्फ पडत असतो आणि आम्ही आत नुसत्या सदऱ्यावर बसतो!"

वहिनी म्हणतात, "भाऊजी, आधी थोडा बर्फ इकडे पाठवा, मग काच बसवते."

वहिनी थट्टेत बोलल्या खऱ्या, पण सगळ्या प्रश्नाची किल्ली त्यांच्या त्या एका वाक्यात आहे. ती किल्ली फिरवून पाहू.

थंडीच्या देशातले औषध

दोन काचा एकमेकींपासून थोड्या अंतरावर बसवून मधली हवा चोहोबाजूंनी बंद करायची, ही युक्ती जुनी आहे. अमेरिकेत थॉमस स्टेट्सन नावाच्या गृहस्थाने १८६५ सालीच तिचे पेटंट घेतले होते. काच स्वतः उष्णतेला फारशी अडवत नाही, पण कोंडलेली, स्थिर हवा चांगलीच अडवते. आपली गोधडी ऊब देते ती काही नुसत्या कापडामुळे नव्हे, तिच्या थरांत अडकलेल्या हवेमुळे. दुहेरी काच म्हणजे काचेची गोधडी. तिसरी काच घातली की गोधडीला आणखी एक थर.

आता गोधडीचा उपयोग केव्हा? आत आणि बाहेर यांच्या तापमानात मोठे अंतर असेल तेव्हा. जर्मनीत किंवा स्वीडनमध्ये कडाक्याच्या थंडीत बाहेर उणे १० अंश आणि आत २० अंश असू शकतात, म्हणजे ३० अंशांचे अंतर. एरवीही हिवाळ्यात आत-बाहेरचे मोठे अंतर दिवसरात्र, महिनोन्महिने टिकते. तिथे तिसरी काच आपला खर्च भरून काढते. आपल्याकडे पंखा लावून खिडकी उघडी टाकली, तर आतली आणि बाहेरची हवा जवळजवळ सारखीच. अंतरच नाही, तर अडवायचे काय? एसी लावला तरच अंतर पडते. वैशाखातल्या कडक दुपारी बाहेर ४० अंश आणि आत २६ धरले, तरी ते होते १४ अंश, आणि तेही काही तासांपुरतेच.

हिशेब मांडूनच पाहू. चार फूट रुंद आणि पाच फूट उंच अशी एक खिडकी घ्या. तिचे क्षेत्रफळ साधारण १.८ चौरस मीटर. वरच्या १४ अंशांच्या अंतराला एकेरी साध्या काचेतून सुमारे १४४ वॅट उष्णता आत येते. साध्या दुहेरी काचेतून येते सुमारे ७० वॅट आणि तिहेरीतून सुमारे ४८. म्हणजे दुसऱ्या काचेने वाचवले ७४ वॅट, तिसरीने त्यावर आणखी अवघे २२. एक वॅट वीज खाऊन सुमारे तीन वॅट उष्णता बाहेर टाकणारा एसी असेल, तर या २२ वॅटांसाठी त्याला सात-साडेसात वॅट वीज लागते. तिसऱ्या काचेमुळे विजेचे एक युनिट वाचायला सव्वाशेहून अधिक तास लागतील, आणि तेसुद्धा बाहेर सतत ४० अंश राहिले तर! संध्याकाळ झाली, पाऊस आला, की हा लाभ आणखी आक्रसतो.

आपला शत्रू ऊन

तुम्ही म्हणाल, मग दुपारी खोली भट्टीसारखी का तापते? उन्हाळ्यात मुंबई परिसरात सर्वांत जास्त तापलेल्या ठिकाणांत बदलापूरचे नाव पुष्कळदा असते, ते काय उगीच? समुद्राचा वारा मुंबईकराला जितका लवकर भेटतो, तितका तो लोहमार्गाने ६८ किलोमीटर आत असलेल्या बदलापूरकराला भेटत नाही, हे खरेच. पण खोली तापते ती मुख्यतः हवेने नव्हे, काचेतून थेट आत शिरणाऱ्या उन्हाने.

पश्चिमेच्या खिडकीवर उन्हाळ्यातल्या दुपारनंतर चौरस मीटरला सहाशे वॅटपर्यंत ऊन पडू शकते. आपल्या त्याच खिडकीवर हे झाले हजाराच्या वर वॅट. एकेरी साधी काच त्यातले पावणेनऊशेच्या आसपास आत सोडते. साधी दुहेरी काचही साडेसातशे सोडते आणि तिहेरी साडेसहाशेच्या पुढेच. म्हणजे तीन काचा लावूनसुद्धा खोलीत एक इस्त्री चालू ठेवून बसल्यासारखेच! काच पारदर्शक आहे, ती उजेडाला वाट देते आणि उजेडाच्या पाठोपाठ ऊनही येते. काचांची संख्या वाढवून ऊन अडत नाही.

ऊन अडवायचे ते काचेच्या बाहेर. छज्जा, झडप, बांबूची चिक, वाळ्याचा पडदा, जाड कापडी कनात, यांपैकी काहीही चालेल, पण ते खिडकीच्या बाहेरच्या अंगाला हवे. आतला पडदा ओढला तर डोळ्यांना थंड वाटते, मात्र ऊन तोवर घरात येऊन पडद्याला तापवून मोकळे झालेले असते. आपल्या जुन्या घरांना लाकडी झडपा असत. त्यांतून वारा येई आणि ऊन बाहेर राही. त्या बांधणाऱ्याला वॅट ठाऊक नव्हते, पण दुपार ठाऊक होती.

दिशाही पाहावी. आपल्या भागात मेच्या मध्याला सूर्य माध्यान्ही अगदी डोक्यावर असतो. त्यामुळे दक्षिणेच्या खिडकीला ऐन उन्हाळ्यात लहानसा छज्जाही पुरतो. खरी त्रासदायक पश्चिमेची, कारण मावळतीकडे झुकलेले ऊन छज्जाखालून सरळ आत येते. तिथे उभी सावली लागते, म्हणजे चिक किंवा झडप. इमारतीचे नियम बाहेर काही टांगू देत नसतील, तर मग ऊन परतवणारा अदृश्य लेप दिलेली काच घ्यावी. दुकानात तिला 'सोलर कंट्रोल' किंवा 'लो-ई' म्हणतात. तिच्या माहितीपत्रकात 'एसएचजीसी' नावाचा आकडा असतो. पडलेल्या उन्हातला किती वाटा उष्णता होऊन आत येतो, ते तो सांगतो. साध्या एकेरी काचेचा हा आकडा ०.८ च्या आसपास, तर चांगल्या लेपाच्या दुहेरी काचेचा ०.३ च्या आसपास असतो. पश्चिमेसाठी पाहायचा तो हा आकडा, काचांची मोजणी नव्हे.

गाडीचा आवाज

आता रुळांकडची खिडकी. विठ्ठलवाडी, उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूर ही सारी वस्तीच लोहमार्गाच्या अंगाखांद्यावर वाढलेली आहे. दुसऱ्या महायुद्धातल्या लष्करी छावणीत फाळणीनंतर सिंधी निर्वासित बंधू आले आणि १९४९ मध्ये त्या छावणीचे उल्हासनगर झाले, तेही याच लोहमार्गाच्या आधाराने. लोकलगाड्या, पुण्याकडच्या मेलगाड्या आणि घाट चढणाऱ्या मालगाड्या सगळ्या इथूनच जातात. कल्याण ते बदलापूर तिसऱ्या आणि चौथ्या मार्गाचा प्रकल्प २०१९ मध्ये मंजूर झाला, तेव्हा आवाज कमी होण्याची आशा धरण्यात अर्थ नाही. निवासी भागात रात्री आवाज ४५ डेसिबलच्या वर जाऊ नये, असे २००० सालचे ध्वनिप्रदूषणाचे नियम सांगतात. पण झोप कायद्याच्या आधाराने येत नाही.

मग काचा वाढवाव्यात का? इथेही गंमत आहे. एकेरी जाड काच नीट बसवली तर साधारण ३० डेसिबल आवाज कमी करते. सारख्या जाडीच्या, मध्ये १२ मिलिमीटर अंतराच्या दोन काचा ३३च्या आसपास, आणि पातळ काचांची तिहेरी खिडकीही त्याच्याच आगेमागे! कारण थोड्या अंतरावरच्या दोन काचा मधल्या हवेसह एखाद्या डफासारख्या थरथरतात, आणि मालगाडीची खोल घरघर नेमकी त्या थरथरीला साथ देते. गाडीचा आवाज अडवायला तीन गोष्टी लागतात: काच जड हवी, दोन काचांची जाडी निरनिराळी हवी आणि मधले अंतर मोठे हवे. दोन काचांमध्ये पारदर्शक पापुद्रा चिकटवून केलेली 'लॅमिनेटेड' काच यांत उजवी. अशी एक आणि वेगळ्या जाडीची दुसरी, असे दुहेरी तावदान घेतले तर ३८ डेसिबलच्या घरात जाता येते. दहा डेसिबल कमी झाले की कानाला आवाज निम्मा वाटतो, हे लक्षात घेतले म्हणजे या आकड्यांची किंमत कळते.

याहूनही सोपा उपाय आहे. जुनी खिडकी तशीच ठेवून तिच्या आतल्या बाजूला, तीन-चार इंच अंतरावर, दुसरी स्वतंत्र खिडकी बसवायची. भिंतीची जाडी तेवढी हवी, एवढीच अट. मधल्या मोठ्या अंतरामुळे ही जोडी तिहेरी काचेला सहज मागे टाकते, आणि दिवसा दोन्ही उघडून टाकता येतात.

परंतु या सर्वांआधी फट पाहा. आपल्या चार बाय पाचच्या खिडकीला चारही बाजूंनी अवघी तीन मिलिमीटरची फट राहिली, तर एकूण फट खिडकीच्या जवळजवळ शंभराव्या हिश्श्याइतकी होते. शंभरावा हिस्सा उघडा राहिला, तर काच कितीही भारी असो, वीस डेसिबलच्या पुढे मजल जात नाही. बहुतेक सरकत्या खिडक्यांचे दुखणे हेच असते. म्हणून एक घरगुती परीक्षा सांगतो. एका रात्री खिडकी लावून तिच्या सगळ्या फटी ओल्या वर्तमानपत्राच्या बोळ्यांनी गच्च बुजवा आणि पुढच्या गाडीची वाट पाहा. आवाज स्पष्टपणे कमी झाला, तर तुम्हाला नवी काच नको, नवे रबर आणि घट्ट मिटणारी झडप हवी. चार दमड्यांच्या कागदाने हजारो रुपये वाचू शकतात.

खिडकी मिटली, मग हवेचे काय?

इथवर आपण काय आत येऊ नये ते पाहिले. पण खिडकी मुळात असते ती काहीतरी आत यावे म्हणून. आपल्या दमट हवेत अंगावरून वारा फिरल्याशिवाय चैन पडत नाही. केंद्राच्या ऊर्जा दक्षता ब्युरोने २०१८ मध्ये घरांसाठी 'इको निवास संहिता' काढली. तिच्यात थंड प्रदेशातल्या घराला जमिनीच्या क्षेत्रफळाच्या सुमारे ८ टक्के उघडणारी जागा पुरते, पण उष्ण आणि दमट प्रदेशाला १६.६६ टक्के, म्हणजे सहावा हिस्सा सांगितला आहे. १२० चौरस फुटांच्या खोलीला २० चौरस फूट. आपली चार बाय पाचची खिडकी बरोबर तेवढीच भरते. मात्र दोन पल्ल्यांची सरकती खिडकी उघडून उघडून उघडते ती निम्मीच! बिजागरीवर उघडणारी झडप जवळजवळ पूर्ण उघडते, शिवाय मिटताना रबरावर दाबून बसते. वारा आणि शांतता या दोन्ही दृष्टींनी जुन्या चालीची झडपच उजवी ठरते.

आणखी एक गोष्ट, आणि ती गंभीर आहे. खिडक्या घट्ट केल्या की घर कोंडते. न्हाणीघरात गॅसचा गिझर असेल, तर हवा न मिळाल्यास त्यातून कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला वास नाही, रंग नाही, आणि माणूस हाक मारण्याआधीच बेशुद्ध पडतो. अशा अपघातांच्या बातम्या महाराष्ट्रात दर हिवाळ्यात वाचायला मिळतात. न्हाणीघराची आणि स्वयंपाकघराची खिडकी आवाजासाठी कधीही कायमची बंद करू नये. गॅसचा गिझर शक्यतो न्हाणीघराबाहेर, मोकळ्या हवेत बसवावा. तसेच खिडकीच्या लोखंडी ग्रिलला उघडणारे एक दार असावे आणि त्याची किल्ली हाताशी टांगलेली असावी. आग लागली तर तीच वाट असते.

जुन्या इमारतीत राहणाऱ्यांनी तर काचेचा विचार दुसऱ्या क्रमांकावर ठेवावा. उल्हासनगरात मे २०२१ मध्ये जुन्या इमारतींचे स्लॅब कोसळून माणसे दगावली, ही आठवण अजून ताजी आहे. पाच मिलिमीटरच्या तीन काचा आपल्या एका खिडकीला लावल्या, तर नुसत्या काचेचे वजन ६७ किलोंवर जाते. एक माणूस कायमचा चौकटीत उभा केल्यासारखे. भिंत फोडून खिडकी मोठी करण्याआधी आणि अशी वजने चढवण्याआधी इमारतीची संरचना तपासणी झालेली असावी. गळणारी गच्ची आणि गंजलेली सळी यांचा हक्क काचेच्या आधीचा.

कारागिराला काय विचाराल?

खिडकी करवून घेताना गृहिणीने पुढील प्रश्न नि:संकोच विचारावेत. काचेचे एसएचजीसी आणि आवाज अडवण्याचे आकडे लेखी देता का? आकडे नुसत्या काचेचे आहेत की चौकटीसकट? चौकट आणि भिंत यांमधली फट कशाने भरणार? पाणी निचरायची भोके खालच्या पट्टीत आहेत ना? पुष्कळदा पाऊस आत येतो म्हणून ही भोकेच बुजवून टाकतात, मग ट्रॅकमध्ये साचलेले पाणी घरात उतरते. ती बुजवू नयेत, साफ ठेवावीत. दुहेरी काच असेल तर तिच्या कडा दोनदा सीलबंद केल्या आहेत का आणि त्याची हमी किती वर्षांची? सील सुटले की पावसाळ्यात दोन काचांमध्ये बाष्प धरते. ते पुसता येत नाही, सगळे तावदान बदलावे लागते. वरच्या मजल्यावर लॅमिनेटेड काच मिळेल का? ती फुटली तरी तुकडे खाली रस्त्यावर कोसळत नाहीत. आणि डासांची जाळी? तिच्यावाचून बदलापुरात रात्री खिडकी उघडी ठेवता येत नाही, आणि उघडता न येणाऱ्या खिडकीला भिंत म्हणणेच बरे. दर तीन ठिकाणांहून, चौरस फुटाच्या हिशेबाने, लेखी घ्यावेत.

वहिनींचा निर्णय

मग आपल्या त्या घरात काय ठरले असेल? हिशेबाने चालणारे घर असेल तर हेच ठरेल. रुळांकडच्या खिडकीची रबरे बदलायची आणि आतल्या बाजूला लॅमिनेटेड काचेची दुसरी खिडकी, बिजागरीवर उघडणारी. पश्चिमेच्या खिडकीबाहेर चिक. स्वयंपाकघराला आणि न्हाणीघराला साधी एकेरी काच, जाळी आणि मोकळी हवा. ज्या खोलीत रोज रात्रभर एसी चालतो, तिथेच पैसे उरले तर लेपाची दुहेरी काच. पावसाळ्यात एसीने गार झालेल्या एकेरी काचेवर बाहेरून धुके धरते, तेही तिने टळते. तिहेरी काच धाकट्या दिरांच्या घरी राहू द्या, तिथे ती शोभते आणि कामालाही येते.

याच लोहमार्गाने घाट चढून गेले की तळेगाव लागते. तिथे १९०८ मध्ये पैसा फंडाचा काच कारखाना उभा राहिला. लोकांकडून एकेक पैसा गोळा करून, लोकमान्यांच्या पाठिंब्याने, मराठी माणसाने काच ओतायला घेतली ती एकेका पैशाचा हिशेब ठेवून. त्यांच्या नातवंडांनी काच विकत घेताना तेवढा हिशेब ठेवायला हरकत नसावी.

आजोबांनी मात्र एक अट घातलेली असेल. रात्री दोन्ही खिडक्या खुशाल लावा, पण पहाटे मी उठलो की त्या एका हाताने उघडता आल्या पाहिजेत. चाळीस वर्षे पहिल्या लोकलच्या आवाजावर ज्याने घड्याळ लावले, त्याची ही अट कारागिराच्या कागदावर पहिल्या ओळीत लिहायला हवी.